गाळलेल्या जागा भरू नकोस

आशीर्वाद शेवटी. आधी भांडून घेऊ.

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा काकू दचकून उठून बसली. लीड्सहून इतक्या रात्री फोन म्हणजे पोरीचा पासपोर्ट हरवला असणार, असा तिचा अंदाज. पासपोर्ट परवडला असता. तुझ्या मार्गदर्शकांनी मसुद्याच्या समासात एक ओळ लिहिली, "हा बँड पंक की पोस्ट-पंक, ते आधी निश्चित करा", आणि तेवढ्यावर तू प्रबंधाचा विषयच बदलायला निघालीस. तीन आठवडे उरलेत. म्हणे वायर हा बँड सोडते आणि जॉय डिव्हिजन घेते, त्यांच्याबद्दल कुणाचा वाद नाही. अगं, ज्याबद्दल वाद नाही त्यावर प्रबंध लिहायचा कशाला?

फोनवर मी चिडलो. चिडायला नको होतं, असं काकू तेव्हापासून चार वेळा म्हणाली. म्हणून हे पत्र. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही, हा मला फायदा.

मसुदा काल दोनदा वाचला. मेहनत दिसते, तिच्याबद्दल बोलत नाही. पण चौथ्या पानावर तू तक्ता काढलायस. डाव्या रकान्यात पंक, म्हणजे १९७६-७७ चं ते झटपट, आरडाओरड्याचं रॉक, आणि उजव्यात पोस्ट-पंक, म्हणजे त्याच्या नंतरचं म्हणतात ते. मग वायरच्या पहिल्या तीन रेकॉर्ड घेतल्यास, 'पिंक फ्लॅग'ची २१ गाणी, 'चेअर्स मिसिंग'ची १५ आणि '१५४'ची १३, आणि ही सगळी ४९ गाणी रेशनच्या दुकानातल्यासारखी मापून दोन पिशव्यांत भरलीस. जी कुठेच बसेनात त्यांच्यासाठी तिसरा रकाना, 'संमिश्र'. त्या तिसऱ्या रकान्यात १९ गाणी आहेत. एकोणीस! हे बघूनसुद्धा तुला तक्त्याचा संशय आला नाही?

मराठी शाळेत शिकलीस, म्हणून तिथलंच सांगतो. 'गाळलेल्या जागा भरा' हा प्रश्न आपल्या हाडीमाशी इतका खिळलाय की कुठे रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतात. वायर हा बँड ऐकायचा तर ती सवय मोडावी लागते. त्यांनी काय गाळलं ते आधी बघ. भरू नकोस, नुसतं बघ.

१९७६ साली लंडनमध्ये हा बँड जमला तेव्हा त्यात पाच माणसं होती. गाणारा कॉलिन न्यूमन वॉटफर्डच्या कला महाविद्यालयातून आलेला. ब्रूस गिल्बर्ट त्याच महाविद्यालयात ध्वनी-चित्र विभागात नोकरीला, जन्म १९४६ चा, म्हणजे पंकच्या ऐन भरात तिशी ओलांडलेला. बासवर ग्रॅहम लुईस, ड्रमवर रॉबर्ट गोटोबेड. पाचवा जॉर्ज गिल, गिटारचे सोलो वाजवणारा. तो १९७७ च्या सुरुवातीला बाहेर पडला आणि त्याच्याबरोबर सोलोही गेले. उरलेल्या चौघांच्या लक्षात आलं की काहीच कमी झालेलं नाही. हा तुझ्या प्रबंधाचा पहिला परिच्छेद असायला हवा होता. तू तो तळटिपेत टाकलायस.

मग त्यांनी गाळण्याचा सपाटाच लावला. सोलो नको. सजावट नको. ध्रुवपद उगाच घोळवत राहायचं नाही. अमेरिकन उच्चारांत गायचं नाही. शब्द संपले की गाणं संपलं. 'पिंक फ्लॅग'वरचं 'फील्ड डे फॉर द संडेज' हे गाणं २८ सेकंदांचं आहे. अख्खी रेकॉर्ड जेमतेम ३५ मिनिटांत उरकते. तू लिहितेस, "वेग आणि त्रोटकपणा ही पंकची लक्षणं इथे ठळक आहेत." वेग? त्या रेकॉर्डचं पहिलंच गाणं, 'रॉयटर्स', ऐकलंस ना? संथ, जड, दाराबाहेर कुणीतरी उभं असल्यासारखं. एक वार्ताहर कुठल्याशा ढासळत्या देशातून बातमी पाठवतोय. देश कुठला? सांगत नाहीत. कोण कुणाशी लढतंय? गाळलंय. १९७७ मध्ये पंकची रेकॉर्ड म्हणून विकत घेतलेल्या पोरानं सुई ठेवली की आधी हे यायचं. त्रोटकपणाचं म्हणशील तर तो वेगातून आलेला नाही. गरज संपली म्हणून ते थांबतात, धावत सुटले म्हणून धाप लागलेली नाही. ऐकताना हा फरक कळतो, तक्त्यात कळत नाही.

आता माझं. १९८५ पासून चार वर्षं मी उत्तर लंडनमधल्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात दर शनिवारी काम करायचो. आठवडाभर हिशेबाच्या वह्या आणि शनिवारी हे. खोक्यांमध्ये रेकॉर्ड लावायच्या आणि मध्ये पुठ्ठ्याची कार्डं खोचायची: पंक, पोस्ट-पंक, न्यू वेव्ह. अक्षर चांगलं म्हणून ते काम मालकानं मला दिलं, आणि मी तुझ्यापेक्षा मोठा तक्तेवाला होतो. 'पिंक फ्लॅग' पंकच्या खोक्यात, 'चेअर्स मिसिंग' आणि '१५४' पोस्ट-पंकच्या. महिन्याभरात एक गिऱ्हाईक आलं, पन्नाशीचा माणूस, हातात बाजाराची पिशवी. एका खोक्यातून 'पिंक फ्लॅग', दुसऱ्यातून 'चेअर्स मिसिंग' काढून त्यानं गल्ल्यावर शेजारीशेजारी ठेवल्या आणि अगदी सहज विचारलं, "यांचं भांडण झालं का?"

मी हसलो. त्यानं दोन्ही घेतल्या आणि गेला. पण त्या रात्री घरी माझ्या स्वतःच्या दोन्ही रेकॉर्ड पाठोपाठ लावल्या तेव्हा हसू आलं नाही. दुसरीत कीबोर्ड आलेत, निर्माता माइक थॉर्न स्वतः वाजवतोय, गाणी लांबलीत, हवा गार झाली आहे. तरी गाळलेलं तेच. श्रोत्याला काय वाटावं हे सांगणारी ओळ नाही. "आता टाळ्या" असं सुचवणारा शेवट नाही. नावच बघ ना, 'चेअर्स मिसिंग'. आपण म्हणतो ना, अमक्याचे दोन स्क्रू ढिले आहेत, तसं ते इंग्रजीत म्हणतात की याच्या दिवाणखान्यातल्या काही खुर्च्या गायब आहेत. रिकामी जागा त्यांनी थेट मुखपृष्ठावर लिहिली, आणि तू खुर्च्या मोजत बसलीस.

पुढच्या शनिवारी मी मालकाला न विचारता तिन्ही एका खोक्यात ठेवल्या. त्यानं पुन्हा वेगळ्या केल्या. मी पुन्हा एकत्र. हे दोन वर्षं चाललं. माझी चार वर्षांची कर्तबगारी हीच, आणि मला तिचा अभिमान आहे. हस हवं तर.

'पोस्ट' या शब्दानं तुला फसवलंय. पोस्ट म्हणजे नंतर, म्हणजे आधी पंक पहिली इयत्ता आणि मग पोस्ट-पंक दुसरी, आणि वायर कुठल्या तारखेला पास झाले ते शोधायचं. तारखाच हव्यात तर घे. बझकॉक्स या मँचेस्टरच्या बँडची पहिली रेकॉर्ड जानेवारी १९७७ मध्ये आली आणि पुढच्याच महिन्यात त्यांचा गायक हॉवर्ड डिव्होटो बाहेर पडला. त्यानं मॅगझिन नावाचा दुसरा बँड काढला, जो आज कुणीही पोस्ट-पंकमध्येच धरतो. आणि सेक्स पिस्टल्स या पंकच्या सगळ्यात गाजलेल्या बँडचा तो एकुलता एक स्टुडिओ अल्बम कधी आला? ऑक्टोबर १९७७. म्हणजे पंकचा मुख्य दस्तऐवज बाजारात येण्याच्या आठ महिने आधी माणूस पंकमधून कंटाळून निघाला होता. 'साउंड्स' या साप्ताहिकात जॉन सॅव्हेजनं पोस्ट-पंक हा शब्द वापरला तो नोव्हेंबर १९७७ मध्ये, आणि 'पिंक फ्लॅग' त्याच वर्षअखेरीची. शब्द आणि रेकॉर्ड एकाच हंगामातली पिकं. यातलं नंतर काय आणि आधी काय?

आपल्याकडे 'उत्तर-आधुनिक' म्हणतात. उत्तर म्हणजे नंतर, आणि उत्तर म्हणजे जबाबही. मला वाटतं या प्रकाराला मराठीत उत्तर-पंक म्हटलं असतं तर निम्मा गोंधळ मिटला असता. तू राहतेस ते लीड्स, मँचेस्टर, शेफील्ड, म्हणजे इंग्लंडचा उत्तर भाग, हा तिसरा अर्थ फुकट. असो. कोटीबद्दल मार्क मिळत नाहीत.

पण जबाब म्हणजे काय, ते मात्र नीट घे. पंकनं लांबलचक सोलो आणि बुद्धिबळासारख्या रचना नाकारल्या. पोस्ट-पंक म्हणतात त्या टोळीतल्या प्रत्येकानं पंकमधलं आणखी काहीतरी नाकारलं, आणि प्रत्येकानं वेगळं. तुझ्या विद्यापीठातल्या ललितकलेच्या पोरांनी काढलेला गँग ऑफ फोर घे. अँडी गिलची गिटार वाजते कमी आणि थांबते जास्त. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरची ऊबसुद्धा त्याला नको होती, ट्रान्झिस्टरचा कोरडा आवाज हवा होता. स्लिट्स या मुलींनी सरळसोट पंकचा ठोका सोडला आणि १९७९ मध्ये रेगेवाल्या डेनिस बोव्हेलला निर्माता म्हणून घेतलं. पिस्टल्समधून निघालेल्या जॉन लायडननं गाण्याचा आकारच मोडला. त्याच्या नव्या बँडची 'मेटल बॉक्स' त्याच वर्षी तीन तबकड्यांत, पत्र्याच्या गोल डब्यात आली. आता या तिघांचा आवाज एकमेकांसारखा आहे का? मुळीच नाही. म्हणूनच लक्षणांची यादी करून पोस्ट-पंक हाती लागत नाही. एकमेकांशी न जुळणाऱ्या नकारांची ती गर्दी आहे. प्रत्येकाला विचार, तू काय गाळलंस?

आणि तुझे ते बिनवादाचे जॉय डिव्हिजन! १९७७ मध्ये वॉर्सा या नावानं ते काय वाजवत होते, ऐक एकदा. तिथेही समासात हीच ओळ येणार आहे.

वायरचं नातं मग काय? माझ्या मते इतकंच: बाकीचे पंकमधून बाहेर पडून नकार द्यायला लागले, वायरनं आत बसून दिला. १९७७ च्या एप्रिलमध्ये ते कॉव्हेंट गार्डनमधल्या रॉक्सी क्लबात वाजवत होते, त्या क्लबाची जी थेट ध्वनिमुद्रित रेकॉर्ड त्याच वर्षी निघाली तिच्यावर त्यांची दोन गाणी आहेत, बझकॉक्स आणि एक्स-रे स्पेक्स यांच्या शेजारी. याहून अस्सल पंकचा दाखला कुठल्या तहसीलदाराकडून आणणार? आणि तरी त्यांची स्वतःची रेकॉर्ड निघाली ती हार्वेस्टवर, जी लांबलचक रचनांच्या पिंक फ्लॉइडची कंपनी. ज्या फ्लॉइडच्या नावापुढे 'मला यांचा तिटकारा आहे' असं लिहिलेला टी-शर्ट घालून लायडन फिरायचा! वायरला त्याचं काही वाटलं नाही. पंकचे गणवेश आणि शपथा हेसुद्धा त्यांनी गाळलेल्यांतच जमा.

पुढची गंमत तुझ्या तक्त्याला पूर्णच झोपवते. १९८२ च्या एका संकलनावर वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेटनं वायरचं '१२ एक्स यू' वाजवलं, आणि ते हार्डकोर पंकवाले, कडक सोवळ्यातले. पाच वर्षांनी शिकागोच्या बिग ब्लॅकनं 'हार्टबीट' घेतलं, ते 'चेअर्स मिसिंग'वरचं, कुजबुजत चढत जाणारं. त्याच १९८७ मध्ये आर.ई.एम.नं 'स्ट्रेंज' घेतलं. तिघांचं एकमेकांशी गोत्र जुळत नाही. एका घरातून तिघांनी तीन वेगळ्या वस्तू नेल्या आणि प्रत्येकाला वाटलं की घर आपलंच होतं.

१९८७ वर आलोच आहे तर थांबतो, कारण ते वर्ष मला लागलेलं आहे.

आम्ही चौघं होतो. हॅरोमध्ये एका मित्राच्या गॅरेजात सराव, मी बास वाजवायचो, बरा वाजवायचो. स्वतःची अकरा गाणी होती. त्यातलं एक १ मिनिट ५० सेकंदांचं होतं, आणि मी आजही म्हणतो की ते चांगलं होतं. ज्या पबमध्ये महिन्यातून दोनदा वाजवायचो तिथला माणूस म्हणाला, छान आहे, पण लोकांनी ग्लास खाली ठेवायच्या आत संपतं. थोडं वाढवा. आम्ही सोलो घातला. मग ध्रुवपद दोनदा. मग मध्ये एक टाळ्यांची जागा. चार मिनिटं झाली. त्यानंतर मला ते गाणं ऐकवेना. पुढे तो म्हणाला, लोकांच्या ओळखीचं काहीतरी वाजवा, तर आम्ही तेही केलं. १९९२ पर्यंत आम्ही दुसऱ्यांची गाणी वाजवत होतो आणि लोक खूश होते. आमची अकरा गाणी एका कॅसेटवर आहेत. ती कुणालाही पाठवली नाही.

त्याच १९८७ मध्ये वायर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. १९८० मध्ये थांबलेला बँड पाच वर्षांनी पुन्हा जमला होता आणि जुनी गाणी वाजवणार नाही म्हणून हटून बसला होता. लोकांना 'पिंक फ्लॅग' हवी होती. मग त्यांनी काय केलं, तर त्यांचीच जुनी गाणी वाजवणारा दुसरा एक बँड, एक्स-लायन टेमर्स, आपल्या आधी मंचावर उभा केला. ज्यांना २१ गाणी ऐकायचीत त्यांनी ती यांच्याकडून ऐकावीत, आम्ही आमचं आजचं वाजवतो. मी हे वाचलं तेव्हा गॅरेजात मोठमोठ्यानं म्हणालो, काय माज आहे! बाकीचे तिघं हसले. माज म्हणालो खरा, पण घरी जाताना बसमध्ये पोटात खड्डा पडला होता.

तू म्हणशील, काका, तुम्हालाही नाही म्हणता आलं असतं. आलं असतं? मुलगा झाला होता. घराचं कर्ज होतं आणि ८९ च्या ऑक्टोबरमध्ये इथला मूळ व्याजदर १५ टक्क्यांवर गेला होता, ते आकडे तू बघ एकदा. पबचे पैसे तेव्हा खिशात लागत होते. आणि वायरलाही काही सोपं गेलं नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये कॅम्डनच्या इलेक्ट्रिक बॉलरूममध्ये त्यांनी बहुतेक नवं, कुणी न ऐकलेलं सादर केलं. लोक ओरडले, चिडले. लोकांच्या लाडक्या '१२ एक्स यू'चा नुसता एक तुकडा त्यांनी दिला आणि सोडून दिला. त्याचं ध्वनिमुद्रण नंतर निघालं, त्यात तो तुकडा 'फ्रॅगमेंट' असाच छापलाय. त्यानंतर बँड पाच वर्षं गप्प. नकाराची किंमत ही अशी असते, आणि ती माझ्याजवळ नव्हती. बस. एवढंच माझं म्हणणं. मी त्यांच्याइतका हुशार नव्हतो हेही खरं, पण ते तू म्हणू नकोस.

आता कामाचं. तक्ता काढून टाक. पूर्ण काढ, परिशिष्टातही नको. 'संमिश्र'मधली ती १९ गाणी घेऊन बस आणि प्रत्येकासमोर एकच लिही: इथे काय असायला हवं होतं आणि नाही? कुठे ध्रुवपद येणार असं वाटतं आणि येत नाही, कुठे गाणारा "मी" म्हणतो आणि तो मी कोण ते सांगत नाही. '१५४' या नावाचं तू "गूढ संख्या" म्हणून दीड परिच्छेद विवेचन केलंयस. अगं, तोपर्यंत त्यांचे झालेले कार्यक्रम मोजले तर १५४ भरले, म्हणून ते नाव. अर्थ गाळला आणि हिशेब ठेवला. हिशेबखात्यातल्या माणसाला हे नाव किती आवडलं असेल!

मार्गदर्शकांना वाईट समजू नकोस. "आधी निश्चित करा" असं त्यांनी लिहिलंय, पण वाचशील तर ते विचारतायत की नातं काय. पंक की पोस्ट-पंक याचं एका शब्दात उत्तर देऊ नकोस, आणि "दोन्ही" असं तर अजिबात नको, ते पळपुटं उत्तर आहे. त्यांनी काय गाळलं आणि कधी गाळलं ते दाखव. नातं त्यात आपोआप दिसतं. नाही दिसलं तर मला फोन कर, पण साडेअकराला नको.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पत्र बंद करता येत नाही, कारण तुला ती सापडणारच आणि मग तू मला पकडणार. 'चेअर्स मिसिंग'वर 'आउटडोअर मायनर' नावाचं गाणं आहे, पावणेदोन मिनिटांचं. पान आतून पोखरत जगणाऱ्या अळीवरचं. आमच्या जालन्याकडे मोसंबीच्या पानांवर ती पांढरी नागमोडी रेघ दिसली की माझे वडील नागअळी म्हणायचे. लुईसनं तिच्यावर गाणं लिहिलंय हे कळलं तेव्हा मी लंडनमध्ये एकटाच मोठ्यानं हसलो होतो. तर कंपनीला ते सिंगल म्हणून काढायचं होतं आणि ते फार छोटं होतं. वाढवा म्हणाले. वायरनं वाढवलं. हो, त्याच वायरनं. थॉर्नचा पियानोचा सोलो घातला, गाणं मिनिटभरानं लांबलं. १९७९ च्या जानेवारीत ते ब्रिटनच्या विक्रीयादीत ५१ व्या क्रमांकापर्यंत चढलं आणि पुढे विक्रीच्या आकड्यांत फेरफार केल्याच्या संशयावरून अडकलं.

दोन्ही आवृत्त्या ऐक, आधी छोटी. माझ्या तत्त्वाप्रमाणे छोटी चांगली असायला हवी, आणि ती आहेच. पण भांडी घासताना मी गुणगुणतो ती लांब आहे, पियानोसकट. काकूला पाठ झाली आहे. हे प्रबंधात घालू नकोस.

अनेक आशीर्वाद. थंडी वाढली आहे, मफलर वापर.

तुझा काका